शंकासुराचा एकच प्रेक्षक

"समोर कोण हा?" तातूकाकांनी विचारलं.

"कोणीच नाही," गार्गी म्हणाली. "मुद्दामच कोणाला बसवलं नाही. आवाज स्वच्छ यायला हवा ना. तुम्ही या लाल टिकलीकडे बघून बोला. तीच तुमचा प्रेक्षक."

तातूकाकांनी वाकून कॅमेऱ्यावरच्या त्या टिकलीकडे पाहिलं. अंगात पायघोळ काळा झगा होता आणि हातात शंकासुराचं काळं टोपडं. टोपड्यावर पांढऱ्या कापडाचे डोळे शिवलेले, खाली लाल जीभ लोंबत असलेली.

"एकच डोळो हा," ते म्हणाले, "नि तोय रडान रडान लाल झालेलो."

पखवाजवाला आणि पेटीवाला हसले. गार्गीही हसली. मग तिने हात वर केला आणि सगळे गप्प झाले.

शाळेच्या सभागृहाच्या खिडक्यांना गोधड्या बांधल्या होत्या. चैत्रातलं ऊन, त्यात आवाज नको म्हणून पंखे बंद. मी दाराशी उभी होते. घरी बाबा वाट बघत होते. जे घडेल ते जसंच्या तसं येऊन सांग, अशी त्यांची ताकीद होती.

पखवाजावर थाप पडली. तातूकाकांनी टोपडं चढवलं, गिरकी घेऊन पुढे आले, कंबरेवर हात ठेवून उभे राहिले. आता बोलतील, मग बोलतील, म्हणून आम्ही वाट बघत राहिलो. पखवाज वाजत राहिला. शंकासूर नुसताच उभा होता. शेवटी त्याने टोपडं वर सारलं आणि आतून घामाने निथळलेला तातूकाकांचा चेहरा बाहेर आला.

"जमाचा नाय," ते म्हणाले.

पुन्हा घेतलं. पुन्हा तेच. त्यानंतर एकदा त्यांनी कसंबसं तोंड उघडलं, "काय रे..." म्हणाले आणि पुढे कोणाला म्हणायचं हेच त्यांना सापडेना. गार्गीने जेवणाची सुट्टी जाहीर केली. ती चिडली नव्हती, पण हातातलं वेळापत्रक तिने दोनदा घडी करून परत उघडलं.

हे सगळं बाबांनी जमवून आणलं होतं. माझे वडील, दिगंबर तुळसकर, त्याच शाळेत पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झाले होते आणि दिवाळी अंकांसाठी विज्ञानकथा लिहीत. तातू धुरी त्यांचे वर्गमित्र. सातवीनंतर शाळा सोडून ते दशावतारी कंपनीत गेले आणि शंकासूर झाले. नाटकाच्या सुरुवातीला गणपती, सरस्वती येऊन गेले की वेद चोरणारा हा असुर येतो. विष्णू त्याला मारणार हे लहान मुलांनाही ठाऊक असतं, तरी लोक जागे राहतात ते त्याच्यासाठी. कारण एकदा टोपडं चढलं की त्याला कोणालाही काहीही बोलायची मुभा. सरपंचाला, देवळाच्या मानकऱ्याला, पहिल्या रांगेतल्या नव्या जावयाला. आणि शंकासुराच्या बोलण्याचा राग धरायचा नाही, असा आमच्या गावचा नेम. आजोबांच्या वेळी दोन भावांची जमिनीवरून धरलेली अढी त्याने भर जत्रेत बोलून दाखवली होती. दोघेही ओशाळून हसले आणि सकाळी एकाच वाटेने घरी गेले, असं सांगत.

अलीकडे आमच्या बाजूच्या कंपन्या ही सुरुवातच गाळू लागल्या होत्या. लोकांना थेट युद्ध आणि ट्रिकसीनचे चमत्कार हवे असत. तातूकाकांच्या हाताखाली कोणी तयार झालं नव्हतं. बाबांनी मुंबईच्या एका लोककला संग्रहाला पत्रांवर पत्रं पाठवली, आणि अखेर गार्गी साने आणि तिची माणसं कॅमेरे घेऊन आली.

"तातूचं वय झालं," बाबा मला सारखं म्हणत. "पावसाच्या आधी हे उरकायला हवं."

तातूकाका आणि बाबा एकाच वयाचे होते. मी "हो" म्हणत असे.

बाबांना कावीळ झाली आहे असं आम्ही घरात म्हणत होतो. गोव्याच्या डॉक्टरांनी मला व्हरांड्यात बाजूला घेऊन सांगितलं होतं की कावीळ हे नुसतं लक्षण आहे, मूळ दुखणं स्वादुपिंडात आहे आणि आता करण्यासारखं काही नाही. पावसाळा बघतील असं वाटत नाही. मी फोनवर भावाशी बोलले, मामांशी बोलले. बाबांना सांगायचं नाही, हे कोणी ठरवलंसुद्धा नाही. ते ठरलेलंच असतं. मी पुण्याहून रजा घेऊन आले, पथ्याचं जेवण करू लागले आणि कावीळ उतरायला वेळ लागतोच, हे वाक्य रोज नव्या तऱ्हेने म्हणू लागले. भेटायला येणारेही तसंच बोलत, हलक्या आवाजात, लहान मुलाशी बोलावं तसं. बाबा सगळ्यांचं ऐकून घेत. तातूकाकांना मी काही सांगितलं नव्हतं.

आमचं घर शाळेच्या कुंपणाला लागून. जेवणाच्या सुट्टीत तातूकाका झग्याच्या बाह्या वर सारून आमच्या पडवीच्या पायरीवर येऊन बसले. मी त्यांना ओल्या काजूंची उसळ आणि भात वाढला. बाबा आरामखुर्चीत पेज घेत होते. म्हणजे चमचा वाटीत फिरवत होते.

"काय झाला?" बाबांनी विचारलं. माझ्याशी ते शाळेतलं मराठी बोलत, तातूकाकांशी मालवणी.

"काय होवचा हा? उभो रवलंय आणि इलंय. आतमधे माणूस नाय. गोधडेक काय सांगू? गोधडी हसाची नाय नि रागवाची पण नाय."

"मेल्या, जा पाठ असा ता बोलाचा."

"शंकासुराक पाठ काय असता? समोर कोण बसला ता बघायचा नि तोंड उघडायचा. तू म्हणजे अगदी मास्तर. पाठ, पाठ, पाठ."

ते खरंच होतं. दशावतारात लिहिलेली संहिता नसते. रंग लावता लावता कथा सांगतात, बाकीचं ज्याचं त्याने रंगमंचावर उभं करायचं.

"तुझ्या माघारी कोण करतलो मगे?" बाबा म्हणाले.

तातूकाका क्षणभर बाबांच्या हातांकडे बघत राहिले. बाबांची नखंसुद्धा पिवळी पडली होती. मग त्यांनी भाताचा घास उचलला. "ता ऱ्हवांदे. तुझी ती शनीच्या चंद्रावरची गोष्ट खंयपर्यंत इली ता सांग."

बाबा त्या वर्षीच्या अंकासाठी एक कथा लिहीत होते. आता लिहीत म्हणजे सांगत, मी उतरवून घेत असे. काळ तीनशे वर्षांनंतरचा. समुद्र चढून कोकणपट्टी बुडालेली, माणसं पांगलेली. शनीच्या एका चंद्रावर बर्फाखाली एक दालन आहे आणि त्यात पृथ्वीवरचं जे जे वाचवता आलं ते ठेवलेलं आहे. तिथे वाढलेली एक मुलगी शंकासूर बघायला मागते. दालनातलं यंत्र जुन्या चित्रणांवरून शंकासूर उभा करतं. हुबेहूब. झग्याची सळसळ, पखवाज, सगळं. शंकासूर पुढे येतो आणि विचारतो, काय गो, जेवान इलंस? त्या मुलीला मालवणी कळत नाही. तिथे कोणालाच कळत नाही.

"मगे?" तातूकाकांनी विचारलं.

"थयच अडलंय. पुढे सुचणा नाय."

"सुचतला कसा? दिगू, तुझ्या सगळ्या गोष्टींत ह्याच होता. एकदा तू सातेरीचा देऊळ अंतराळात नेलंस, दगड न् दगड मोजून. एकदा सगळे वास बाटलेत भरलंस. मियां ऐकलंय सगळा. देऊळ उरता, जत्रा नाय. माशाचो वास उरता, निस्त्याक नाय. शेवटाक एक कोणतरी पहारेकरी एकटो उभो. माका त्या पहारेकऱ्याची दया येता रे! तेका चाय तरी कोण देता?"

मला हसू आलं. बाबांना नाही आलं. ते विचार करून म्हणाले, "जत्रा नेऊक येणा नाय, तातू. देऊळ नेऊक येता. जा नेऊक येता ता तरी नेवया."

तातूकाकांनी ताट बाजूला सारलं.

"ह्या बरोबर," ते म्हणाले. "पण मी बोलू कोणाशी?"

"मी बसतंय समोर."

मी लगेच म्हटलं, "बाबा, तिथे पंखे बंद आहेत. तुम्हाला झेपायचं नाही."

"खुर्चीत बसायचं तर आहे. इथेही खुर्चीतच बसतो."

गार्गीला बोलावून आणलं. तिने बाबांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. ती समजूतदार मुलगी होती. एक माणूस चालेल म्हणाली, फक्त आवाज व्हायला नको. शंकासुराचं बोलणं दुसऱ्या आवाजात मिसळलं की पुढे अभ्यासाला निरुपयोगी ठरतं. पुन्हा कधी येता येईल याची खात्री नाही, आजचाच दिवस मंजूर आहे.

"मी जन्मभर वर्ग गप्प बसवले," बाबा म्हणाले. "एका तुळसकराला बसवता येईल."

मी आणि तातूकाकांनी धरून त्यांना कुंपणापलीकडे नेलं. खुर्ची कॅमेऱ्याच्या शेजारी ठेवली होती. तातूकाकांनी स्वतः तिच्यावर उशी ठेवली, बाबांचे पाय नीट टेकले आहेत की नाही पाहिलं आणि विंगेत गेले. मी दाराजवळ परत उभी राहिले. ध्वनिमुद्रण करणाऱ्या माणसाने कानांवर यंत्र चढवून अंगठा दाखवला.

पखवाज सुरू झाला. शंकासूर आला.

या वेळी तो गिरकी घेऊन थांबला नाही. येता येताच बोलू लागला. खिडक्यांकडे बोट करून म्हणाला, ह्या गोधड्यो कोणाच्या? गावात इतकी थंडी कधी पडली? की खिडक्यांकच ताप इलो? गार्गीकडे वळून म्हणाला, ही बाय मुंबैसून माका डब्यात भरूक इली हा. बाय, लोणच्यासारखा भरशीत तर वरसून तेल घाल, नायतर बुरो येतलो माका. गार्गीने ओठ दाताखाली धरले. बाबा ताठ बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर. त्यांनी दिलेला शब्द ते पाळत होते.

मग शंकासूर त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला. टोपड्यातले पांढरे डोळे अगदी त्यांच्या तोंडाजवळ नेले आणि त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"मास्तर," तो म्हणाला, "तू हळदीन माखलेलो दिसतंस."

मी दाराचा आधार सोडला.

"नखाक हळद, डोळ्याक हळद. इतकी हळद तुझ्या पयल्या लग्नाक पण नाय लागलेली. मी होतंय, माका म्हायत हा. तेव्हा हळद महाग होती. ह्या वक्ताक कोण देता रे इतकी? लगीन ठरला काय?"

पखवाजवाल्याचा हात थांबला. मी एक पाऊल पुढे टाकलं होतं. कोणीतरी हे थांबवायला हवं होतं, आणि कोणी म्हणजे मीच. पण त्याला नावाने हाक मारता येत नव्हती. टोपडं चढल्यावर आमच्याकडे त्याला तातू म्हणत नाहीत.

"सांग मा. गप कित्याक? नवरो तू, तर व्हकल खंयची? आमच्या वाडीतली? नाय? वरच्या अंगाची काय?" त्याने छताकडे बोट केलं. "वरची म्हणजे मोठ्या घराण्यातली हा. थयसून कोण माघारी येणा नाय."

आणि बाबांच्या नाकातून एक बारीक आवाज आला.

मी तो आवाज ओळखला. बाबांचं हसू नाकात सुरू व्हायचं, मग खांदे हलायचे, ते दाबून धरायला जायचे आणि शिंक फुटावी तसं एकदम मोठ्याने बाहेर पडायचं. लहानपणी आम्ही भावंडं त्या शेवटच्या आवाजासाठी टपून बसायचो. किती दिवसांत तो ऐकला नव्हता. आता त्यांचे खांदे हलत होते. त्यांनी तोंडावर हात दाबला होता. मग तो फुटला, इतका मोठा की कान झाकलेला तो ध्वनिमुद्रक दचकून मागे सरकला.

"हसतंस काय!" शंकासूर ओरडला. "तारीख सांग!"

"पावसाच्या आदी," बाबा म्हणाले.

मालवणीत म्हणाले. डोळे पुसत, हसता हसता, जसं एखाद्या कार्याची तारीख सांगतात तसं.

शंकासूर खुर्चीभोवती एक गिरकी घेऊन परत समोर आला, आणि त्याचा आवाज किंचितही बदलला नव्हता.

"म्हणजे तुका म्हायत हा."

"मी विज्ञान शिकवलंय रे, मेल्या."

"आणि चेडवाक सांगलंस?"

"तिका म्हायत हा. डॉक्टरान तिकाच सांगला."

"मगे तिना तुका सांगला?"

"नाय."

"आणि तुका म्हायत हा ह्या तू तिका सांगलंस?"

"नाय."

शंकासुराने दोन्ही हात डोक्यावर मारून घेतले. "ऐका रे ऐका! बापूस चेडवापासून लपयता, चेडू बापाशीपासून लपयता. आणि घरात खोल्यो किती? दोन! लपतत खंय? एक कोठीत नि एक पलंगाखाली?"

बाबा परत हसले. आणि मी दाराशी उभ्या उभ्या रडत होते की हसत होते हे मला कळलं नाही. तोंडातून जो आवाज बाहेर पडला तो ऐकून शंकासूर गर्रकन वळला.

"ती बघ लपलेली! ये गो बाय, भायर ये. बस हयसर."

मी गेले आणि बाबांच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसले. बाबांचा हात माझ्या डोक्यावर आला. पिवळा, हलका, गरम हात.

"आता खेळ करतंय," शंकासूर म्हणाला. "वेद चोरूचे हत माका. तुमच्या घरातली चोरी संपली."

मग त्याने सगळा खेळ केला. वेद चोरले, ते समुद्रात लपवले, विष्णूशी वाद घातला. विष्णूचं कामही तोच टोपडं वर करून करत होता, कारण त्या भूमिकेतला गडी आला नव्हता. मध्येच येऊन मला विचारत होता की पुण्यात माणसं अजून दुपारी झोपतात काय, आणि मास्तरच्या चंद्रावर भात पेरला तर पुनवेच्या राती कापायचा की अवसेच्या. बाबा प्रत्येक वेळी उत्तर देत होते. गप्प बसायचा शब्द केव्हाच मोडला होता.

संपल्यावर तातूकाकांनी टोपडं काढलं आणि ते पायरीवर बसून धापा टाकू लागले. त्यांनी आमच्याकडे पाहिलं नाही. मी त्यांना पाणी नेऊन दिलं. पेला त्यांनी घाईने तोंडाला लावला, अर्धं पाणी झग्यावर सांडलं.

ध्वनिमुद्रकाने कानांवरचं यंत्र उतरवलं. "मॅडम, हसणं सगळीकडे आहे," तो हळूच म्हणाला. "शंकासुराच्या शब्दांवर चढलंय. वेगळं काढता येणार नाही."

गार्गीने बाबांकडे पाहिलं. "सर, तुम्हीच सांगा. अजून वेळ आहे. तुम्हाला घरी सोडून एकदा फक्त शब्दांसाठी घेऊ या? आता त्यांना जमेल कदाचित."

मला वाटलं, बाबा हो म्हणतील. स्वच्छ, निर्दोष नोंद हवी म्हणून त्यांनीच तर दोन वर्षं पत्रं लिहिली होती. आयुष्यभर त्यांनी कथांमधून तेच केलं होतं: वस्तू धुऊन, पुसून, तारीख घालून पुढच्या शतकात ठेवायची. त्यांनी त्या विझलेल्या लाल टिकलीकडे पाहिलं.

"राहू दे तसंच," ते म्हणाले. "यातून माझं हसणं काढलंत, तर तो कोणाशी बोलतोय हे पुढच्या माणसाला कसं कळणार?"

तातूकाका पायरीवरून म्हणाले, "दिगू, तुझो डबो चांगलो हा पण. माका वाटलेला तेच्यापेक्षा बरो."

संध्याकाळी बाबांना पडवीत आणून बसवलं. त्यांना थकवा आला होता, पण ते झोपायला तयार नव्हते. दोघांनाही सुरुवात करावी लागली नाही. ती दुसऱ्याच कोणी करून दिली होती. बाबा म्हणाले, "माझी दुर्बीण शाळेला दे. तुझा भाऊ तिच्यावर टॉवेल वाळत घालेल." मी म्हटलं, "देते." ते म्हणाले, "शेवटी मला गोव्याला नेऊ नकोस. इथेच राहू दे." मी म्हटलं, "बरं." मग मी विचारलं, खूप दुखतं का. आणि ते म्हणाले, हो, खूप. आधी मी विचारत असे तेव्हा ते आज बरं आहे म्हणत. त्या रात्रीपासून मी त्यांना औषध वेळेवर देऊ शकले, कारण कधी दुखतं हे ते खरं सांगू लागले.

आम्हाला त्यानंतर महिनाभर मिळाला. आईबद्दल बोललो, मी न केलेल्या लग्नाबद्दल बोललो, पुस्तकांबद्दल तर किती. त्या महिन्यातलं एकही वाक्य पलंगाखाली लपून बोललेलं नव्हतं. पुष्कळ माणसांना आपल्या माणसाबरोबर असा महिना मिळत नाही, हे मला नंतर, इतरांच्या घरी समाचाराला जाऊ लागले तेव्हा कळलं.

कथेचा शेवट त्यांनी मला त्याच आठवड्यात सांगितला. बर्फाखालच्या दालनात शंकासूर बोलतो आहे. कोणाला एक शब्द कळत नाही. मुलगी यंत्र बंद करायला उठते, इतक्यात त्या जुन्या चित्रणात कुठेतरी एक माणूस हसतो. आधी नाकातून, मग दाबून, मग एकदम. मुलगी थबकते आणि तिलाही हसू येतं. शेजारचा हसतो. सगळं दालन हसू लागतं, आणि शंकासूर त्यांच्याकडे बघतो, जणू त्याला हवा होता तो प्रेक्षक आता कुठे आला. विनोद काय होता हे तिथे कोणालाच कधी कळत नाही.

"हे शास्त्राला धरून आहे का?" मी लिहिता लिहिता विचारलं.

"नाही," बाबा म्हणाले. "पण मी डोळ्यांनी पाहिलंय."

ते मृग लागायच्या आधी गेले. घरी, सकाळी, मी त्यांचे केस विंचरत असताना.

दिवाळीत अंक आला तेव्हा मी तो घेऊन तातूकाकांकडे गेले. ते पडवीत सुपारी कातरत बसले होते. त्यांनी मला बसायला पाट दिला आणि मी त्यांना ती कथा पहिल्यापासून वाचून दाखवली. समुद्र चढला तिथे त्यांनी मान हलवली. बर्फ आला तिथे म्हणाले, "तेका बर्फ खंय सुचता कोण जाणा, जन्मात कधी बघूक नाय." यंत्रातून शंकासूर उभा राहिला तेव्हा त्यांचा अडकित्ता थांबला.

"थय तेंका म्हायत नाय मा, हसणारो कोण तो?" त्यांनी विचारलं.

"नाही. कथेत कुठेच सांगितलेलं नाही."

"बरां केल्यान. नायतर थयसर पण तेका मास्तर म्हणान वर्गात उभो करतले."

त्यानंतर तातूकाका पुष्कळ वर्षं जगले. गेल्या मार्गशीर्षात ते गेले, म्हणून मी हे लिहायला बसले. त्या दिवशी शाळेत टोपडं घालून त्यांनी जे केलं, त्याचे आभार मी त्यांच्यासमोर कधी मानले नाहीत. शंकासुराचा राग धरत नाहीत तसे त्याचे आभारही मानत नाहीत, आणि टोपड्याबाहेरच्या तातूकाकांनी तर तो विषय कधी निघूच दिला नाही. दिवाळीतल्या त्या दिवशीही, कथा वाचून झाल्यावर, मी काहीतरी बोलणार, हे त्यांच्या लक्षात आलं असावं. त्यांनी कातरलेली सुपारी तोंडात टाकली, भिंतीला पाठ टेकली आणि डोळे मिटून घेतले.

"परत वाच गो," ते म्हणाले. "सगळा नको. तो हसता थयसून."